मेंढा (लेखा)

मेंढा (लेखा) हे महाराष्ट्राच्या गडचिरोली जिल्ह्यातील धानोरा तालुक्यात असलेले, गोंड आदिवासींची वस्ती असलेले एक लहान गाव आहे. शंभराच्या आसपास कुटुंबांच्या या गावाची ओळख तेथील ग्रामसभेमुळे सर्वदूर झाली. वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातील पहिल्या गावांमध्ये मेंढ्याची गणना होते. २००९ साली गावाला सुमारे १,८०९ हेक्टर जंगलावर हा हक्क मिळाला. एप्रिल २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचा परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हाती आला. "दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही या गावाची घोषणा महाराष्ट्रातील स्वशासनाच्या चर्चेत वारंवार उद्धृत केली जाते.

नाव

पूर्व विदर्भात मेंढा नावाची एकाहून अधिक गावे आहेत. ओळख पटावी म्हणून या गावाच्या नावापुढे शेजारच्या 'लेखा' या गावाचे नाव कंसात लिहिण्याची पद्धत पडली. वृत्तपत्रांत व शासकीय कागदांत 'मेंढा-लेखा' किंवा 'लेखा-मेंढा' अशी जोडनावेही आढळतात. त्यामुळे हे एकच गाव असावे असा वाचकांचा समज होतो. वस्तुतः मेंढा आणि लेखा ही दोन वेगळी गावे आहेत आणि या लेखात वर्णिलेली वाटचाल प्रामुख्याने मेंढ्याची आहे.

स्थान व शेजारच्या वस्त्या

मेंढा हे गडचिरोली-धानोरा मार्गालगत वसलेले आहे. गडचिरोली शहरापासून ते सुमारे ३० किलोमीटरवर, तर धानोरा या तालुक्याच्या ठिकाणापासून सुमारे ३ किलोमीटरवर आहे. हाच मार्ग पुढे मुरूमगावमार्गे छत्तीसगडकडे जातो. वैनगंगेला मिळणारी कठाणी नदी या परिसरातून वाहते.

लेखा, कन्हारटोला आणि मेंढा या वस्त्या मिळून एक गट ग्रामपंचायत होती आणि तिचे मुख्यालय लेखा येथे होते. धानोरा तालुक्यातीलच मर्दा या गावाला मेंढ्याबरोबरच सामूहिक वनहक्क मिळाला, म्हणून या दोन गावांची नावे अनेकदा एकत्र घेतली जातात.

गडचिरोलीच्या या भागात वस्त्यांची रचना विखुरलेली आहे. मुख्य गावापासून काही अंतरावर असलेल्या लहान वस्तीला 'टोला' किंवा 'टोली' म्हणतात. कोकणात ज्याला 'वाडी', ठाणे-पालघरकडे 'पाडा' आणि मराठवाड्यात बंजारा समाजाच्या बाबतीत 'तांडा' म्हणतात, त्याच जातीचा हा शब्द आहे. महसुली दप्तरात ज्याच्या नावाने स्वतंत्र नोंद असते ते 'महसुली गाव'. अशा गावात मनुष्यवस्ती उरली नसेल तर त्याला 'रिठी गाव' म्हणतात. याचा अर्थ असा की कागदावर गाव असते पण माणसे नसतात, आणि उलट एखाद्या टोल्यावर माणसे असतात पण कागदावर गाव नसते. हा भेद वरवर क्षुल्लक वाटला तरी निधी कोणाकडे येणार, जंगलाविषयीचा निर्णय कोण घेणार आणि सभा कोठे भरणार, हे त्यावरच ठरते.

लोकजीवन

गावातील लोक गोंड समाजाचे असून घरात व आपसांत गोंडी बोलतात. शाळा, बाजार व कचेरी येथील व्यवहार मराठीत होतो. गोंडी ही द्राविडी कुळातील भाषा असल्याने ती मराठीची बोली नव्हे. शाळेत प्रथमच येणाऱ्या मुलाला मराठी ही नवी भाषा म्हणूनच शिकावी लागते.

शेतीत धान हे मुख्य पीक आहे. ते पावसाच्या भरवशावर आणि लहान तळ्यांच्या, म्हणजे बोड्यांच्या, पाण्यावर होते. शेतीतून वर्षभराची बेगमी होत नाही, म्हणून जंगलाला उपजीविकेत शेतीइतकेच महत्त्व आहे. उन्हाळ्याच्या आरंभी मोहफुले वेचली जातात. त्यानंतर मोहाच्या बियांपासून, म्हणजे टोळीपासून, तेल काढले जाते. मे महिन्याच्या सुमारास विडीसाठी लागणारा तेंदूपत्ता तोडण्याचा थोडक्या दिवसांचा पण रोख पैसे देणारा हंगाम असतो. सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधून ते 'फळी'वर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यायचे असतात. चारोळी, हिरडा, बेहडा, आवळा, डिंक, मध, पावसाळ्यातील रानभाज्या आणि 'वास्ते', म्हणजे बांबूचे कोवळे कोंब, ही जंगलाची आणखी देणी आहेत. घराचे कूड, टोपल्या, सुपे, मासे पकडण्याची साधने व शेताचे कुंपण यांसाठी बांबू लागतो. त्यामुळे बांबूवर हक्क कोणाचा, हा प्रश्न येथे घरोघरच्या जगण्याशी निगडित आहे.

निस्तार हक्क आणि त्यांचा संकोच

आजचा गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्याचे विभाजन होऊन अस्तित्वात आला. त्यापूर्वी हा भाग मध्य प्रांतात आणि १९५६ पर्यंत जुन्या मध्य प्रदेशात होता. या प्रदेशात जमीनदारी व मालगुजारी पद्धती होत्या. त्यांतही गावकऱ्यांना जळाऊ लाकूड, घरबांधणीचे लाकूड, बांबू, चराई व फळे-फुले यांसाठी जंगल वापरण्याची वहिवाट होती. या वहिवाटीला 'निस्तार' म्हणतात आणि ज्या नोंदपत्रात ती लिहिलेली असते त्याला 'निस्तार पत्रक' म्हणतात.

१९५० च्या कायद्याने मध्यस्थांचे मालकी हक्क संपुष्टात आले आणि जंगल शासनाकडे आले. त्यानंतरच्या काळात या जंगलांचे राखीव व संरक्षित असे वर्गीकरण झाले, वनखात्याचे नियम कडक होत गेले आणि निस्ताराची वहिवाट प्रत्यक्षात आकुंचित होत गेली. एकीकडे बांबूचे मोठे क्षेत्र कागद गिरणीला दीर्घ मुदतीच्या कराराने दिले जात होते. दुसरीकडे घराच्या कुडासाठी बांबू आणणाऱ्या गावकऱ्याला हटकले जात होते. पुढच्या सर्व घडामोडींचे मूळ या विसंगतीत आहे.

जंगल बचाव आंदोलन आणि घोटुल

१९८० च्या दशकात इंद्रावतीवरील भोपालपट्टणम आणि गोदावरीवरील इंचमपल्ली या धरणांच्या योजना पुढे आल्या. त्यांत आदिवासींची अनेक गावे व फार मोठे जंगल बुडणार होते. या योजनांविरुद्ध 'जंगल बचाव, मानव बचाव' हे आंदोलन उभे राहिले. आदिवासी नेते लालश्याम शाह आणि बाबा आमटे हे त्यातील प्रमुख होते. योजना बारगळल्या, परंतु या निमित्ताने गडचिरोलीतील गावागावांत 'आपल्या जंगलाचा निर्णय कोण घेतो?' हा प्रश्न विचारला जाऊ लागला. मेंढ्याचे देवाजी तोफा हे या काळात पुढे आलेले नेतृत्व होय. सर्वोदयी विचारांचे कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांचा गावाशी संबंध याच सुमारास आला. कोणत्या गावात लोक स्वतः निर्णय घेतात याचा शोध ते घेत होते आणि मेंढ्यात त्यांना तशी शक्यता दिसली.

घोटुल ही गोंड समाजातील तरुण मुलामुलींची पारंपरिक संस्था आहे. गाणे, नृत्य, कामाची शिस्त व समाजाच्या रीती यांचे शिक्षण तेथे मिळते. बाहेरच्या जगाच्या टीकेमुळे या भागात ती क्षीण होत चालली होती. मेंढ्याच्या लोकांनी ती पुन्हा सुरू करायचे ठरवले आणि जंगलातील लाकूड वापरून घोटुल बांधले. वनखात्याने हे लाकूड अवैध ठरवून बांधकाम पाडले. त्यावर शेजारची गावे एकत्र आली आणि इतर गावांतही घोटुल उभारले गेले. इतक्या गावांवर एकाच वेळी कारवाई करणे खात्याला शक्य झाले नाही. परंपरेने चालत आलेल्या सामाजिक गरजेसाठी जंगलातील लाकूड वापरण्याचा गावाचा अधिकार या प्रसंगातून ठळकपणे पुढे आला. शेजारच्या गावांची साथ नसती तर एकट्या मेंढ्याला तो टिकवता आला नसता, हेही त्यातून स्पष्ट झाले.

ग्रामसभा, सर्वसहमती आणि अभ्यासगट

मेंढ्याच्या कारभाराची तीन वैशिष्ट्ये सांगता येतात.

पहिले वैशिष्ट्य म्हणजे ग्रामसभा. कायद्यातील ग्रामसभा ही ग्रामपंचायतीच्या सर्व मतदारांची सभा असते. गट ग्रामपंचायत असेल तर अनेक गावांची मिळून एकच ग्रामसभा होते. मेंढ्यातील सभा ही मात्र केवळ त्या एका वस्तीतील सर्व प्रौढ स्त्री-पुरुषांची सभा आहे. आठवणीने व नियमाने भरणारी ही सभा १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून काम करीत आली. दारूच्या प्रश्नावर झालेल्या चर्चा या तिच्या आरंभीच्या विषयांपैकी होत्या आणि त्यांत स्त्रियांचा पुढाकार होता. स्त्रियांच्या सहभागाखेरीज सभा पूर्ण होत नाही, हा दंडक त्यातूनच दृढ झाला.

दुसरे वैशिष्ट्य म्हणजे सर्वसहमती. येथे बहुमताने निर्णय घेतला जात नाही. एखाद्याचा विरोध असेल तर त्याचे म्हणणे ऐकून घेतले जाते आणि एकमत होईपर्यंत विषय पुढच्या सभेत ठेवला जातो. या पद्धतीत वेळ अधिक जातो. परंतु निर्णय घेताना हरलेला असा गट गावात शिल्लक राहत नाही आणि त्यामुळे झालेला निर्णय मोडण्याचे कारणही उरत नाही. शंभर घरांच्या गावात लोकांना रोज एकमेकांचे तोंड पाहायचे असते, एकाच बोडीचे पाणी घ्यायचे असते. अशा ठिकाणी ही पद्धत आदर्शवादाइतकीच व्यवहाराचीही ठरते.

तिसरे वैशिष्ट्य म्हणजे अभ्यासगट. ज्यांना एखाद्या विषयात रस आहे असे गावकरी व बाहेरचे जाणकार एकत्र बसून माहिती घेतात, कायदे वाचतात, चर्चा करतात. अभ्यासगट निर्णय घेत नाही. निर्णयाचा अधिकार ग्रामसभेचाच राहतो. मधाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. पूर्वी आग्या माशांचे पोळे जाळून मध काढीत. त्यात माश्या मरत आणि पोळेही नष्ट होई. अभ्यासगटातील चर्चेनंतर माश्या न मारता, पोळ्याचा केवळ मधाचा भाग कापून घेण्याची पद्धत गावात शिकली गेली. त्याच पोळ्यातून पुन्हा मध मिळू लागला.

गावाने स्वतःचा ग्रामकोशही निर्माण केला. मिळालेल्या मजुरीचा ठरावीक भाग लोक या कोशात जमा करतात. त्यातून अडचणीच्या वेळी कर्ज मिळते आणि सावकाराकडे जाण्याची वेळ टळते.

जंगलाविषयी ग्रामसभेने स्वतःचे नियम केले. जंगलाला वणवा लावायचा नाही, फळांसाठी झाड तोडायचे नाही, गरजेपेक्षा अधिक लाकूड आणायचे नाही, बाहेरच्या कोणाही व्यक्तीने किंवा संस्थेने ग्रामसभेच्या अनुमतीवाचून जंगलाचा वापर करायचा नाही, आणि राखणीसाठी पाळीपाळीने फिरायचे, असे त्यांचे स्वरूप होते. कागद गिरणीसाठी होणाऱ्या बांबूच्या तोडीला गावाने याच काळात विरोध केला. नव्वदच्या दशकात संयुक्त वनव्यवस्थापनाच्या योजनेतही गाव सहभागी झाले. ही योजना मुळात ओसाड झालेल्या वनक्षेत्रासाठी होती; मेंढ्याचे जंगल मात्र चांगल्या स्थितीतले होते. तरीही गावाने पाठपुरावा करून सहभाग मिळवला.

'गाव' या शब्दाचा कायदेशीर अर्थ

मेंढ्याचा इतिहास समजून घेण्यासाठी 'गाव' या शब्दाची व्याख्या कायद्यांत कशी बदलत गेली हे पाहणे आवश्यक आहे.

मुंबई ग्रामपंचायत अधिनियम, १९५८ (आताचे नाव महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम) यात ग्रामपंचायत हा मूळ घटक धरला आहे. लहान वस्त्या एकत्र करून गट ग्रामपंचायत करण्याची सोय त्यात आहे. प्रशासनाच्या दृष्टीने हे सोयीचे असले तरी मोठ्या वस्तीचे मत लहान वस्तीच्या मतावर भारी पडण्याचा धोका त्यात असतो.

२४ डिसेंबर १९९६ रोजी अनुसूचित क्षेत्रांसाठीचा पंचायत विस्तार अधिनियम अमलात आला. इंग्रजी आद्याक्षरांवरून तो 'पेसा' या नावाने ओळखला जातो. त्यात गावाची व्याख्या वेगळ्या तऱ्हेने केली आहे. एखादी वस्ती किंवा वस्त्यांचा समूह, पाडा किंवा पाड्यांचा समूह, जेथील समाज आपल्या परंपरा व रूढींनुसार आपला व्यवहार चालवतो, ते गाव होय. आणि अशा प्रत्येक गावाला स्वतःची ग्रामसभा असेल. धानोरा तालुका अनुसूचित क्षेत्रात मोडतो. मेंढ्याची सभा जे काही वर्षांपूर्वीपासून करीत होती त्याला या व्याख्येने तत्त्वतः आधार दिला. मात्र राज्याचे पेसा नियम प्रसिद्ध होण्यास मार्च २०१४ उजाडले. त्या नियमांनुसार एखाद्या पाड्यातील किंवा टोल्यातील मतदारांना ठराव करून आपली वस्ती स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेण्याची प्रक्रिया सुरू करता येते.

'अनुसूचित जमाती आणि इतर पारंपरिक वननिवासी (वन हक्कांची मान्यता) अधिनियम, २००६' या कायद्यानेही, ज्याला संक्षेपाने वनहक्क कायदा म्हणतात, पेसातील व्याख्या स्वीकारली. त्यामुळे हक्काचा दावा करण्याचा अधिकार दूरच्या मुख्यालयाऐवजी प्रत्यक्ष वस्तीच्या ग्रामसभेकडे आला.

सामूहिक वनहक्क

वनहक्क कायद्याचे नियम १ जानेवारी २००८ रोजी लागू झाले. या कायद्यात दोन प्रकारचे हक्क आहेत. कसत असलेल्या वनजमिनीवर कुटुंबाला मिळणारा हक्क हा वैयक्तिक वनहक्क होय. गावाने परंपरेने वापरलेल्या व राखलेल्या जंगलावर संपूर्ण गावाला मिळणारा हक्क हा सामूहिक होय. सामूहिक हक्कात गौण वनोपज गोळा करणे, वापरणे व विकणे यांचा समावेश होतो. याशिवाय जंगलाचे संरक्षण, पुनर्निर्माण व व्यवस्थापन करण्याचा अधिकारही गावाला मिळतो. हा हक्क मिळाला म्हणजे जंगलाची मालकी खाजगी होते असे नाही. जमीन विकता येत नाही, तिचे वाटप करता येत नाही, आणि वन्यजीव व जैवविविधता यांच्या रक्षणाची जबाबदारी ग्रामसभेवर येते.

दावा करण्यासाठी ग्रामसभा आपल्यातून वनहक्क समिती निवडते. समिती पुरावे गोळा करते, सीमा फिरून पाहते व नकाशा तयार करते. ग्रामसभेच्या ठरावानंतर दावा उपविभागीय समितीकडे व तेथून जिल्हास्तरीय समितीकडे जातो. निस्तार पत्रक, जुनी शासकीय कागदपत्रे, वडीलधाऱ्यांचे निवेदन, देवस्थाने, स्मशाने, जुन्या वहिवाटीच्या खुणा हे सर्व पुरावे म्हणून ग्राह्य असतात.

मेंढ्याजवळ वीस वर्षांच्या सभांची इतिवृत्ते, जंगलाच्या राखणीचे नियम आणि अभ्यासगटातून आलेले कायद्याचे ज्ञान होते. त्यामुळे दावा तयार करणे गावाला तुलनेने सुकर गेले. २००९ साली मेंढा व मर्दा या गावांचे हक्क मान्य झाले.

बांबूचा प्रश्न

हक्कपत्र मिळाल्यानंतरही एक अडचण उरली. बांबू तोडण्याचा अधिकार मिळाला तरी तो ट्रकमध्ये भरून गावाबाहेर नेण्यास वाहतूक परवाना लागतो आणि तो वनखात्याकडून मिळत असे. परवाना नाही म्हणजे खरेदीदार नाही, आणि खरेदीदार नाही म्हणजे विकण्याचा हक्क कागदावरच राहतो.

वादाचे मूळ वनस्पतिशास्त्र आणि कायदा यांच्या विसंगतीत होते. बांबू हे वनस्पतिशास्त्रानुसार गवत आहे. भारतीय वन अधिनियम, १९२७ मध्ये मात्र 'झाड' या शब्दाच्या व्याख्येत बांबूचा समावेश होता, म्हणून तोडलेला बांबू इमारती लाकडाच्या वर्गात धरला जाई. उलट वनहक्क कायद्यात बांबूची गणना स्पष्टपणे गौण वनोपजांत केलेली आहे. मेंढ्याच्या ग्रामसभेने दुसऱ्या व्याख्येचा आधार घेऊन परवाना मागितला आणि तो नाकारला गेल्यावर विषय लावून धरला.

२१ मार्च २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरण व वनमंत्री जयराम रमेश यांनी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून बांबूला गौण वनोपज मानावे असे कळवले. २७ एप्रिल २०११ रोजी ते व मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण मेंढ्याला आले आणि वाहतूक परवान्यांचे पुस्तक देवाजी तोफा यांच्या हाती सोपवण्यात आले. पुढे सप्टेंबर २०१२ मध्ये वनहक्क कायद्याच्या नियमांत दुरुस्ती होऊन असे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेने नेमलेल्या समितीला देण्यात आला. २०१७ साली वन अधिनियमातील व्याख्येतून वनेतर क्षेत्रात उगवलेला बांबू वगळण्यात आला. एका लहान गावाने उपस्थित केलेला प्रश्न देशव्यापी होता, हे या क्रमावरून ध्यानात येते.

बांबूची तोड शास्त्रीय पद्धतीने करणे हे आता ग्रामसभेचे काम झाले. या जंगलात मुख्यतः 'मानवेल' आणि काटेरी 'कटांग' असे बांबू असतात. बेटातील तीन वर्षांहून जुने बांबूच तोडायचे, बाहेरचे कोवळे बांबू राखायचे, बुंध्याशी योग्य उंचीवर छाट घ्यायचा आणि पावसाळ्यात नवे कोंब येत असताना तोड बंद ठेवायची, हे नियम पाळले तर बेट टिकते. आलेला पैसा ग्रामसभेच्या बँक खात्यात जमा होतो. त्यातून मजुरी दिली जाते व उरलेल्या रकमेचा विनियोग सभा ठरवते. हिशेब ठेवणे, निविदा काढणे, करविषयक नोंदी करणे ही कामे गावातील तरुणांना शिकावी लागली.

ग्रामदान

जंगल सामूहिक झाल्यावर शेतजमिनीचा विचार पुढे आला. आचार्य विनोबा भावे यांच्या भूदान चळवळीचा आरंभ १८ एप्रिल १९५१ रोजी पोचमपल्ली येथे झाला. तिचेच पुढचे पाऊल म्हणजे ग्रामदान. त्यात जमिनीची मालकी ग्रामसभेकडे येते आणि कसण्याचा व वारसाचा हक्क कुटुंबाकडे राहतो. जमीन गावाबाहेरच्या व्यक्तीकडे जाऊ नये हा त्यातील मुख्य हेतू आहे. सुलभ ग्रामदानाच्या कल्पनेत जमिनीचा विसावा भाग भूमिहीनांना आणि उत्पन्नाचा चाळिसावा भाग ग्रामकोशाला देणे अपेक्षित असते.

महाराष्ट्रात यासाठी ग्रामदान अधिनियम, १९६४ आहे. परंतु चळवळीचा जोर ओसरल्यावर तो जवळजवळ विस्मृतीत गेला होता. मेंढ्याने दीर्घ चर्चेनंतर २०१३ साली ग्रामदान स्वीकारले. ग्रामदानी गावाच्या ग्रामसभेला व ग्राममंडळाला या कायद्याने पंचायतीचे अधिकार मिळू शकतात. त्यामुळे गट ग्रामपंचायतीतून बाहेर पडून स्वतंत्र दर्जा मिळवण्याचा मार्ग मेंढ्याला या कायद्यात दिसला. हा दर्जा मात्र आपोआप मिळाला नाही. त्यासाठी गावाला अनेक वर्षे शासनाकडे पाठपुरावा करावा लागला.

परिसरावरील परिणाम

मेंढा व मर्दा यांच्यानंतर गडचिरोली जिल्ह्यात हजाराहून अधिक गावांना सामूहिक वनहक्क मिळाले. राज्यातील इतर कोणत्याही जिल्ह्यापेक्षा हे काम येथे मोठ्या प्रमाणावर झाले. शेजारच्या चंद्रपूर जिल्ह्यातील पाचगाव या लहान गावाने २०१२ साली हक्क मिळवून बांबूच्या विक्रीतून रोजगार उभा केला. तेंदूपत्त्यासाठी झाडांची छाटणी होते व जंगलाला आगी लागतात, म्हणून त्याची तोडच न करण्याचा निर्णय त्या गावाने घेतला. कोरची तालुक्यात अनेक ग्रामसभांनी एकत्र येऊन महाग्रामसभा स्थापन केली. एकेकटी ग्रामसभा व्यापाऱ्याशी भाव ठरवताना दुबळी पडते. अनेक ग्रामसभा मिळून ते अधिक सामर्थ्याने करू शकतात, हा विचार त्यामागे आहे.

हक्क मान्य होताना शेजारी गावांच्या सीमांचा प्रश्न नेहमी उपस्थित होतो. जंगलात कुंपण नसते. एकाच नाल्याकाठचे मोह दोन गावांचे लोक वेचत आलेले असतात. वनहक्क कायद्याच्या नियमांनुसार, पारंपरिक सीमांविषयी दोन गावांचे दावे परस्परविरोधी असतील किंवा एकाच जंगलाचा वापर अनेक ग्रामसभा करीत असतील, तर त्या गावांच्या वनहक्क समित्यांनी एकत्र बसून वहिवाटीचे स्वरूप ठरवायचे असते आणि निष्कर्ष लेखी स्वरूपात आपापल्या ग्रामसभांना द्यायचे असतात. म्हणजे एका गावाचे स्वशासन हे शेजाऱ्याच्या संमतीवाचून पूर्ण होत नाही.

मर्यादा

मेंढ्याचा अनुभव सर्वत्र जसाच्या तसा लागू होईल असे मानणे योग्य ठरणार नाही. हे गाव लहान आहे, त्यात प्रामुख्याने एकाच समाजाचे लोक राहतात आणि त्याच्याभोवती चांगले जंगल उरलेले आहे. अनेक जातींच्या, जमिनीच्या मालकीत मोठी तफावत असलेल्या गावात सर्वसहमती घडवणे अधिक अवघड असते. दीर्घकाळ लाभलेले स्थानिक नेतृत्व आणि बाहेरच्या कार्यकर्त्याची संयमी साथ हेही प्रत्येक गावाला मिळत नाही. हक्क मिळालेल्या पुष्कळ गावांत हिशेबाचे प्रशिक्षण, व्यवस्थापन आराखडा आणि खरेदीदारांशी करार करण्याचे कौशल्य यांची उणीव जाणवते. बांबूचा बाजारभाव गावाच्या हाती नसतो. शिक्षण घेऊन बाहेर पडलेली पिढी सभेला किती वेळ देऊ शकेल, हा प्रश्नही सर्व ग्रामसभांपुढे आहे.

साहित्यातील उल्लेख

कादंबरीकार व समाजशास्त्राचे अभ्यासक मिलिंद बोकील यांनी 'गोष्ट मेंढा गावाची' या पुस्तकात या गावाच्या वाटचालीचे सविस्तर लेखन केले आहे. पाचगावाविषयी त्यांचे 'कहाणी पाचगावची' हे पुस्तक आहे. ग्रामीण व आदिवासी स्वशासनाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांना ही दोन्ही पुस्तके उपयुक्त आहेत.

महत्त्व

महाराष्ट्राच्या नकाशावर मेंढा हा एक ठिपका आहे आणि जुन्या प्रशासकीय रचनेत ते लेखा ग्रामपंचायतीतील एक वस्ती होते. परंतु गाव कशाला म्हणावे, सभेचा निर्णय केव्हा बंधनकारक होतो आणि जंगल राखणाऱ्याचा जंगलावर हक्क किती, या तीन प्रश्नांची उत्तरे कायद्यात येण्याआधी मेंढ्याच्या लोकांनी आपल्या व्यवहारात शोधली होती. १९९६, २००६ व २०१२ मधील कायदे आणि नियम यांनी त्या उत्तरांना आधार दिला. या बदलांचा लाभ आज ज्या शेकडो टोल्यांना आणि पाड्यांना घेता येतो, त्यांतील पुष्कळांच्या नावाची महसुली दप्तरात अजूनही स्वतंत्र नोंद नाही. तेथे आपली सभा भरवून, तिचे इतिवृत्त लिहून आणि शेजाऱ्यांसह सीमा फिरून दाव्याचा आरंभ करण्याचा मार्ग मात्र आता खुला आहे.